यूपीआयचं पिनचं पान सगळ्या अ‍ॅपमध्ये सारखंच का दिसतं? आणि लायब्ररीत फ्रेमवर्क कोंबू नये, असं प्रोग्रामर का सांगतात?

खालापूर तालुक्यातलं लोधिवली हे जुन्या मुंबई-पुणे हायवेलगतचं गाव. समजा, इथल्या एका टपरीवर पाताळगंगा एमआयडीसीतले तीन कामगार चहा प्यायले. पैसे द्यायची वेळ आली. एकाने फोनपे उघडलं, दुसऱ्याने गुगल पे, तिसऱ्याने भीम. तिन्ही अ‍ॅप वेगळी, रंग वेगळे. पण पिन टाकायची वेळ आली की तिघांच्या स्क्रीनवर जवळपास तेच पान येतं.

कारण ते पान त्या अ‍ॅपचं नसतंच. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या मुंबईतल्या संस्थेने एक 'कॉमन लायब्ररी' बनवली आहे आणि यूपीआय अ‍ॅपना ती आपल्यात बसवावी लागते. तुम्ही पिन टाकता तो या लायब्ररीत. तिथेच तो एन्क्रिप्ट होतो आणि पुढे जातो. अ‍ॅपला तुमचा पिन दिसत नाही.

म्हणजे एकच लायब्ररी अनेक कंपन्यांच्या घरात भाड्याने राहते. अशी लायब्ररी लिहिणाऱ्या प्रत्येकासमोर एक प्रश्न येतो. आपल्या सोयीसाठी आत डिपेन्डन्सी इंजेक्शनचं फ्रेमवर्क वापरावं का?

आधी हे सांगा, लायब्ररी आणि फ्रेमवर्क यात फरक काय?

लायब्ररी म्हणजे तयार कोडचा संच. तुम्हाला गरज पडली की तुम्ही तिला हाक मारता, ती काम करून देते आणि गप्प बसते.

फ्रेमवर्कचं उलटं असतं. तिथे कारभार फ्रेमवर्कच्या हातात असतो. तुमचा कोड कधी चालवायचा, कुठली वस्तू कधी तयार करायची, हे ते ठरवतं.

आणि डिपेन्डन्सी इंजेक्शन?

नाव जड आहे, पण गोष्ट लग्नघरातली आहे.

गावाकडे लग्नाला आचारी बोलावला की तो आधी यादी देतो. तांदूळ इतका, तेल इतकं, पातेली अमुक, गॅसच्या टाक्या तमुक. सामान यजमान आणून देतो, आचारी स्वयंपाक करतो. तांदूळ कुठल्या दुकानातून आला, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. उद्या यजमानाने दुकान बदललं तरी आचाऱ्याला आपली रीत बदलावी लागत नाही.

सॉफ्टवेअरमध्येही तसंच. कोडच्या एखाद्या भागाला डेटाबेस लागतो, नेटवर्क लागतं, घड्याळ लागतं. या गोष्टी त्याने स्वतः तयार न करता बाहेरून घ्यायच्या, यालाच डिपेन्डन्सी इंजेक्शन म्हणतात. मार्टिन फाउलर यांनी 2004 साली लिहिलेल्या लेखामुळे हे नाव रूढ झालं. फायदा सरळ आहे. चाचणी घेताना खऱ्या बँकेच्या सर्व्हरऐवजी खोटा सर्व्हर देता येतो आणि कोड तोच राहतो.

प्रकल्प मोठा झाला की अशा शेकडो वस्तू हाताने जोडणं कंटाळवाणं होतं. म्हणून जोडणी करून देणारी फ्रेमवर्क आली. जावात स्प्रिंग (पहिली आवृत्ती 2004) आणि गुगलचं ग्विस (2007), अँड्रॉइडवर डॅगर, हिल्ट आणि कोइन. आपल्या उदाहरणात हे म्हणजे लग्नाचे इव्हेंट मॅनेजर.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. यादी देणं म्हणजे डिपेन्डन्सी इंजेक्शन. मॅनेजर ठेवणं म्हणजे फ्रेमवर्क. मॅनेजरशिवायही यादी देता येते.

मग लायब्ररीत बिघडतं कुठे?

आचारी म्हणाला, "मी येईन, पण माझा मॅनेजरही सोबत येणार," तर? यजमानाने आधीच मॅनेजर ठेवला असेल तर भांडण ठरलेलं. त्याचे तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार थेट टक्कर. कोइनमध्ये साधारणपणे संपूर्ण अ‍ॅपसाठी एकच मुख्य साठा असतो आणि तो एकदाच सुरू करायचा असतो. समजा, अ‍ॅपने कोइन सुरू केलं आणि आतल्या लायब्ररीनेही गुपचूप तेच केलं. 'कोइन आधीच सुरू आहे' अशी एरर येते आणि ती कोणी सांभाळली नाही तर अ‍ॅप बंद पडतं. हिल्टची अट वेगळी आहे. ते मुख्य अ‍ॅपच्या मुळाशीच बसवावं लागतं. म्हणजे लायब्ररीत हिल्ट वापरलं की ती घेणाऱ्या प्रत्येकाला हिल्ट घ्यावंच लागतं.

दुसरा प्रकार आवृत्त्यांचा. एका अ‍ॅपमध्ये एकाच फ्रेमवर्कच्या दोन आवृत्त्या सहसा सुखाने नांदत नाहीत. बिल्ड करणारं टूल त्यातली एक निवडतं. ग्रेडल साधारणपणे नवी आवृत्ती घेतं, मेव्हन आपल्याला सर्वात जवळची. निवडलेली आवृत्ती लायब्ररीला चालली नाही तर सगळं फिसकटतं. 2023 मध्ये आलेल्या ग्विस 7 चंच बघा. जावाच्या जगात 'जावाएक्स' या नावाची जागा 'जकार्ता'ने घेतली, म्हणून ग्विस 7 ने जुनी नावं सोडली. जुन्या नावांवर लिहिलेली लायब्ररी नव्या ग्विसच्या अ‍ॅपमध्ये टाकली तर तिचा कोड ओळखलाच जात नाही. स्प्रिंग 6 ला तर किमान जावा 17 लागतं. लायब्ररीने स्प्रिंग 6 आत आणलं की जावा 11 वर चालणाऱ्या कंपनीला ती वापरताच येणार नाही.

तिसरा प्रकार सुरक्षेचा, आणि सगळ्यात महागडा. मार्च 2022 च्या अखेरीस स्प्रिंगमध्ये 'स्प्रिंगफोरशेल' नावाची गंभीर त्रुटी उघड झाली. ठरावीक परिस्थितीत हल्लेखोराला दूरवरून सर्व्हरवर आपला कोड चालवता येत होता. 31 मार्चला 5.3.18 आणि 5.2.20 या दुरुस्त आवृत्त्या आल्या. त्या दिवशी प्रत्येक टीमपुढे एकच प्रश्न होता, आपल्याकडे स्प्रिंग कुठे कुठे आहे? स्वतः वापरलेलं स्प्रिंग लगेच सापडतं. दुसऱ्याच्या लायब्ररीसोबत आलेलं शोधावं लागतं. ते लायब्ररीत कोंबून बसवलेलं असेल, तर लायब्ररी बनवणारा नवी आवृत्ती काढेपर्यंत वाट बघत बसावं लागतं.

मग उपाय काय?

बहुतेक वेळा सगळ्यात साधा उपाय पुरतो. प्रत्येक भागाने आपली यादी कन्स्ट्रक्टरमध्ये मांडायची आणि लायब्ररीच्या दारापाशी एकाच ठिकाणी सगळी जोडणी हाताने करायची. बाहेरच्याला एकच दार दिसतं. त्याने काही दिलं नाही तर लायब्ररी स्वतःचं नेहमीचं सामान वापरते, दिलं तर त्याचं वापरते. वीस-तीस वस्तूंची जोडणी हाताने लिहायला फार कोड लागत नाही.

फ्रेमवर्कची सोय द्यायचीच असेल तर ती वेगळ्या पाकिटात द्यायची. मूळ लायब्ररी कोरी ठेवायची आणि स्प्रिंगवाल्यांसाठी एक छोटा जोड-संच वेगळा काढायचा. स्प्रिंग बूटच्या जगात अशा संचांना 'स्टार्टर' म्हणतात. ज्याला हवा तो घेईल.

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये आणखी एक वाट आहे. तिथे डिपेन्डन्सी इंजेक्शनच्या फक्त व्याख्या असलेलं एक हलकं पॅकेज मिळतं. लायब्ररी तेवढ्यावरच अवलंबून राहते. प्रत्यक्ष मॅनेजर कोण, हे अ‍ॅप ठरवतं.

पण लायब्ररी आतून खूपच मोठी असेल तर?

तेव्हा फ्रेमवर्क वापरा, पण ते बाहेर दिसू देऊ नका. कोइनमध्ये मुख्य साठ्याला हात न लावता लायब्ररीपुरता वेगळा साठा उघडता येतो आणि एसडीके बनवणाऱ्यांसाठी तो मार्ग त्यांच्या माहितीपत्रकातच दिला आहे. डॅगर जोडणीचा कोड बिल्ड करतानाच तयार करतं, त्यामुळे अ‍ॅप चालताना त्याचं ओझं कमी असतं. इलॅस्टिकसर्चने तर ग्विसचा कोड उचलून, नाव बदलून, आपल्याच कोडमध्ये ठेवला होता. त्यामुळे टक्कर टळते. पण मग त्या कोडची देखभालही आपल्याच गळ्यात पडते.

अपवादही आहे. लायब्ररी एकाच कंपनीच्या अ‍ॅपसाठी असेल आणि ती सगळी अ‍ॅप एकाच फ्रेमवर्कवर असतील, तर इतका सोवळेपणा पाळायची गरज नाही. तिथे यजमानही आपलाच आणि मॅनेजरही आपलाच.

यात सामान्य माणसाचा काय संबंध?

तुमच्या फोनमधलं जवळपास प्रत्येक अ‍ॅप दुसऱ्यांच्या लायब्ररींवर उभं असतं. नकाशा, पेमेंट, नोटिफिकेशन, सगळं. एखादं अपडेट आल्यावर अ‍ॅप उघडताक्षणी बंद पडतं, एमबी वाढत जातात, जुन्या फोनवर चालेनासं होतं. दरवेळी कारण हेच असतं असं नाही, पण आतल्या लायब्ररींनी आणलेलं जास्तीचं सामान हे त्यातलं एक नेहमीचं कारण आहे.

आणि तुम्ही स्वतः कोड लिहायला शिकत असाल, तर लायब्ररी बाहेर देण्याआधी एक चाचणी घ्या. एक रिकामं नवं अ‍ॅप बनवा, त्यात कुठलंही फ्रेमवर्क ठेवू नका आणि आपली लायब्ररी त्यात टाका. ती चालली आणि सोबत काय काय आलं याची यादी एका नजरेत मावली, तर ती दुसऱ्याच्या घरात पाठवायला हरकत नाही.