अर्ध्या विमानाचा वारसा

सुरतेचे नाव निघाले की मराठी मनुष्याला १६६४ साल आठवते, आणि तो खवय्या असला तर घारी. परंतु तापीकाठच्या ज्या जहाजबांधणीच्या कारागिरीने पुढे मुंबई बंदराचे भाग्य उजळले, तिची आठवण सहसा कोणी काढीत नाही. १७३५ साली ईस्ट इंडिया कंपनीचा डडली नावाचा अधिकारी ‘क्वीन’ हे जहाज बांधून घेण्यासाठी सुरतेस आला असता, धनजीभाई या मुख्य कारागिराच्या हाताखाली मुकादमी करणारा लवजी नसरवानजी वाडिया त्याच्या नजरेत भरला. मुंबईस चलण्याचा आग्रह झाला, तरी धन्याच्या रजेवाचून त्याने पाऊल उचलले नाही असे सांगतात; आणि रजा मिळाल्यावर, १७३६ साली, तो मोजके सुतार बरोबर घेऊन निघाला. हे सुतार बरोबर नेणे मला फार अर्थपूर्ण वाटते, कारण त्या काळची निम्मी विद्या कागदावर नव्हतीच, ती हातांत होती, आणि हात नेल्यावाचून ती नेता येत नव्हती.

उरलेली निम्मी कागदावर होती, तिची कथा लवजीच्या नातवाच्या काळातली. जमशेटजी बमनजी याने मुंबईच्या गोदीत बांधावयाच्या ‘ट्रिंकोमाली’ या युद्धनौकेचे आराखडे घेऊन इंग्लंडहून निघालेले ‘जावा’ हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यापाशी अमेरिकनांच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने निकामी केले, आणि त्याबरोबर आराखडेही गेले. सागवान होते, सुतार होते, अनुभव तर पिढीजात होता. तरीही नव्या प्रती येईपर्यंत काम खोळंबले, आणि नौका पाण्यात उतरली ती १८१७ साली. ती आजही इंग्लंडातील हार्टलपूल येथे तरंगते आहे.

ही जुनी हकीकत आठवण्याचे निमित्त अगदी आधुनिक आहे. घरच्या घरी विमान बांधण्याचा नाद अमेरिकेत १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी स्थापिलेल्या हौशी विमानकारांच्या संस्थेमुळे फोफावला, आणि नादाबरोबर अर्धवट विमानांचा एक बाजारच उभा राहिला. कोणाची दृष्टी मंदावते, कोणाची बदली होते, कोणाच्या घरी मोटारीला जागा हवी असते, कोणी मध्येच इहलोक सोडतो. मागे उरतात ते पत्र्याचे पंख, खोक्यांतले सुटे भाग आणि एक वही. घेणारा किंमत करतो ती पंखांची. वास्तविक त्याने प्रथम मागावी ती वही. अमेरिकी नियमानुसार निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी, स्वतःच्या शिक्षणासाठी वा मनोरंजनासाठी केलेले असावे लागते. पूर्वीच्या हौशी माणसाचे कामही त्यात धरले जाते, परंतु त्याचा पुरावा, म्हणजे रोजनिशी, छायाचित्रे आणि पावत्या, दप्तरी असेल तर. दप्तर नसेल तर उत्कृष्ट काम झालेले असूनही ते बेवारशी ठरते.

मग कामाची खातरजमा कशाने करावयाची? रिव्हेटने. रिव्हेट ठोकताना मागून डॉली, म्हणजे जड पोलादी ठोकळा, धरलेली असते, आणि दांड्याचे आतील टोक चेपून त्याचे जे बोंड होते, ते दांड्याच्या व्यासाच्या दीडपट रुंद व निम्म्याइतके उंच असावे लागते. विजेरी आणि दंतवैद्याजवळ असतो तसला छोटा आरसा घेऊन पंखाच्या पोकळीत तासन् तास डोकावत बसले म्हणजे, ज्याला आपण कधी पाहिले नाही त्या मनुष्याचा स्वभाव हळूहळू उलगडू लागतो: इथे तो निवांत होता, इथे डॉली तिरकी धरली, इथे चुकलेले रिव्हेट काढताना भोक मोठे झाले आणि त्याने त्यातच नवे दडपले. समुद्राजवळच्या, सुरतेसारख्या दमट हवेच्या गावी पत्र्याला अस्तराचा रंग न देता सांगाडा वर्षानुवर्षे पडून राहिला असेल, तर सांध्यांत गंजाची पांढरी भुकटी दिसते. ती दिसली की सौद्याची बोलणी तिथेच थांबवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

रिव्हेटहून अवघड असतात ते पूर्वीच्या माणसाने मनातल्या मनात घेतलेले निर्णय. गायक जॉन डेन्व्हर यांनी नुकतेच विकत घेतलेले ‘लाँग-ईझी’ हे विमान दुसऱ्या कोणी हौसेने बांधले होते. बर्ट रुटान यांच्या मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलण्याची कळ वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये होती. बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्यामागे नेली. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत, ती कळ फिरवण्यासाठी अंग वळवीत असता विमानावरचा ताबा गेला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. ते विमान पुरे झालेले होते. तरी त्यात दुसऱ्याचे एक मत शिल्लक होते.

आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी परक्याचे नव्हे, स्वतःचेच अर्धे राहिलेले काम पुनःपुन्हा हाती घेतले. आधीचे दोन प्रयत्न तडीस गेले नव्हते. कांदिवलीतील चारकोप येथे राहत्या इमारतीच्या गच्चीवर घडलेले सहा आसनी विमान हे तिसरे, आणि त्याच्या नावातला तीनचा आकडा तेच सांगतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते गच्चीवरून उतरवून वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात मांडले गेले. लोकांनी कौतुक केले, कागद मात्र आपल्या गतीने हलले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी, २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना, आणि २०२० साली धुळ्याच्या विमानतळावर पहिल्या टप्प्यातील चाचण्या. सुरतेच्या उधना-लिंबायत भागांत यंत्रमागांवर राबणारी खानदेशी मंडळी सुटीत ज्या धुळे-नंदुरबारकडे परततात, त्याच मुलखातली ती धावपट्टी.