घसा खरवडणारी चार अक्षरं

डेट आणि डाउटमधल्या मुक्या 'बी'ची गोष्ट आज सांगायचं कबूल केलं होतं. ती पुढच्या आठवड्यात. नाशिकच्या एका आजींचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववत नाही. लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाजवळ, एस-एल-ओ-यू-जी-एच असं लिहिलं जाणारं एक गाव आहे. आजींचा मुलगा तिथे राहतो. आजी म्हणतात 'स्लफ', नात म्हणते 'स्लाउ'. खरं कोणाचं?

गावापुरतं नातीचं खरं. शब्दाचा अर्थ चिखल, दलदल. जॉन बन्यनच्या १६७८ सालच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'मधला यात्रेकरू सुरुवातीलाच रुततो, तो निराशेच्या अशाच 'स्लाउ'मध्ये. (हे पुस्तक हरि केशवजींनी १८४१ मध्ये 'यात्रिकक्रमण' म्हणून मराठीत आणलं.) अमेरिकेत दलदलीच्या अर्थी 'स्लू' म्हणतात. पण आजींचा 'स्लफ'ही अगदीच निराधार नाही. सापाची कात आणि कात टाकणं, या दोन्हींना इंग्रजीत हीच अक्षरं आहेत आणि उच्चार नेमका 'स्लफ'. शब्द मुळात दोन, स्पेलिंगने एका खोलीत कोंबलेले.

ओ-यू-जी-एच या चौकडीचे एकूण उच्चार तरी किती? 'दो' (जरी) मध्ये ओ, 'थ्रू' (मधून) मध्ये ऊ, 'बाउ' (फांदी) आणि 'प्लाउ' (नांगर) मध्ये आउ, 'थॉट'मध्ये ऑ, 'रफ', 'टफ', 'इनफ'मध्ये अफ, 'कॉफ' (खोकला) मध्ये ऑफ, आणि 'थरोफेअर'च्या 'थरो'त इंग्रजांच्या तोंडी नुसता अस्फुट अ. जुन्या बंगल्यांच्या फाटकांवर 'नो थरोफेअर'ची पाटी असते, तो हाच शब्द. 'थ्रू' आणि 'थरो' मुळात एकच, म्हणून अर्थ 'इथून आरपार रस्ता नाही'. राहिली उचकी. 'हिकप'मधला 'अप'ही काही जण याच चार अक्षरांनी लिहितात, पण ती शुद्ध बनवाबनवी. मूळ स्पेलिंग साधं यू-पीचं होतं, खोकल्याशी नातं असेल अशा समजुतीने नंतर कोणीतरी ही अक्षरं डकवली. खोकल्यावरून आठवलं, आपण औषधाच्या दुकानात 'कफ सिरप' मागतो, ते संस्कृत 'कफ' जिभेवर असतो म्हणून. इंग्रजी शब्दाचं त्याच्याशी काही नातं नाही, तो खोकण्याच्या आवाजावरूनच झालाय.

शाळेत ही स्पेलिंगं घोकताना आपण सगळ्यांनीच इंग्रजांचा उद्धार केलेला असतो. पण हे 'जी-एच' एके काळी खरोखर उच्चारलं जायचं. 'ख़बर' उर्दू वळणाने नीट म्हणून बघा, घसा जिथे खरवडतो तिथला तो आवाज. जुन्या इंग्रजीत तो नुसत्या 'एच'ने लिहीत. १०६६ नंतर नॉर्मनांचं राज्य आलं आणि फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी पुढे तिथे 'जी-एच' घातलं. १४७६ मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, तेव्हा हा आवाज अजून पुष्कळांच्या तोंडी होता. पुढे छपाईने स्पेलिंगं गोठवली आणि आवाज मात्र गेला. कुठे तो नुसता विरला, कुठे आधीचा स्वर ओठ गोल करून म्हणायचा असल्यामुळे ओठांवर येऊन त्याचा 'फ' झाला. कोणत्या शब्दात काय झालं याचा नियम शोधायला जाऊ नका. ठिकठिकाणच्या बोली एकमेकींत मिसळल्या आणि ज्या शब्दाचा जो उच्चार टिकला तो टिकला. आयर्लंडमधल्या 'लॉख नेय' या मोठ्या तळ्याच्या नावातला 'लॉख' याच अक्षरांनी लिहितात, आणि तिथे घसा आजही खरवडतो.

माझा लाडका शब्द म्हणजे 'डो', मळलेली कणीक. उत्तर इंग्लंडात याचाच उच्चार 'डफ' झाला आणि 'प्लम डफ' या पुडिंगच्या नावात राहिला. म्हणजे एकाच शब्दात आवाज विरलाही आणि त्याचा 'फ'ही झाला. याचं मूळ मळणं, लिंपणं, आकार देणं या अर्थाचं. संस्कृतात तोच धातू 'दिह्' आणि त्यावरून 'देह', लिंपून घडवलेला. 'डो'मधला मुका जी-एच आणि 'देह'मधला ह हे एकाच मूळ आवाजाचे वंशज. 'लेडी'चं मूळही याच घराण्यातलं, पावाची कणीक मळणारी. 'लॉर्ड' म्हणजे पावाची राखण करणारा. मळायचं बाईने आणि राखायचं मात्र बुवाने!

चौकडीतल्या ओच्या जागी ए आला की 'लाफ्टर' आणि 'डॉटर'. पहिलं अक्षर सोडलं तर स्पेलिंग तेच, उच्चारांचा मेळ मात्र नाही. जर्मन माणूस 'टॉख्टर' म्हणतो तेव्हा तो हरवलेला आवाज स्पष्ट ऐकू येतो. आपल्याकडे 'दुहिता'त त्याच जागी ह आहे. प्राकृतात 'धूआ' झालं, मधला ह उरला नाही. कोकणीत मुलीला आजही 'धूव' म्हणतात. आपण बोलू तसं लिहीत आलो, त्यामुळे 'धूव'मध्ये मधल्या ह चा मागमूस नाही. इंग्रजांनी आवाज सोडला पण अक्षरं ठेवली.

म्हणून स्पेलिंग सोपं करायच्या मोहिमांना माझी सहानुभूती बेताची. १९०६ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी अमेरिकेच्या सरकारी छापखान्याला तीनशे शब्दांची सोपी स्पेलिंगं वापरायचा हुकूम दिला. 'दो' आणि 'थ्रू'च्या शेपट्या त्यात छाटल्या होत्या. काँग्रेसने मोडता घातला, ते बरंच झालं. अर्थात प्रत्येक जी-एच अस्सल नसतो. 'डिलाइट' फ्रेंचमधून आला तेव्हा त्याच्याकडे हे जोडअक्षर नव्हतं, 'लाइट'चं बघून ते नंतर घुसवलं.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात, गावात मुलीला 'धूव' किंवा त्याच्या जवळपासचं काही म्हणत असतील, तर गावाच्या नावासकट जरूर कळवा. मुका 'बी' पुढच्या आठवड्यात नक्की.