कापलेल्या जाळ्याची भरपाई

वन्यजीव म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाघ-बिबट्या येतात आणि वनखाते म्हटले की जंगल. तथापि महाराष्ट्र शासनाच्या वनविभागाचे एक कार्यालय समुद्राकडे तोंड करून उभे आहे. कांदळवन कक्ष हे त्याचे नाव. २०१२ साली स्थापन झालेल्या या कक्षाचे मुख्य काम किनाऱ्यावरील तिवरांचे रक्षण. त्यासोबत सागरी जीवांचीही काळजी त्याच्याकडे आली. पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा, उत्तन येथील आपल्या मच्छीमार बांधवांचा या कक्षाशी संबंध येतो तो जाळ्यामुळे.

व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा. आकाराने अवाढव्य, पण आहार सूक्ष्म जीवांचा. माणसाला त्याच्यापासून भय नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश २००१ साली झाला. समुद्री कासवेही त्याच अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीस किमान तीन वर्षे कारावास आहे. परंतु कोळी बांधव काही त्यांच्या मागे जात नाही. ते आपणहून जाळ्यात सापडतात. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. पाण्याखाली जाळ्यात अडकून राहिले तर ते गुदमरते. त्याला वाचवायचे तर पुष्कळदा जाळे कापावे लागते, आणि ते जाळे बहुधा कर्जाऊ पैशांतून आलेले असते. प्राण्याला इजा करू नका, असे कायदा बजावतो. जाळ्याचे नुकसान कोणी सोसावे, याविषयी मात्र तो मौन पाळतो.

ही उणीव डिसेंबर २०१८ मध्ये शासनाने काही अंशी भरून काढली. संरक्षित प्राण्याला जिवंत सोडताना जाळे कापावे लागल्यास मच्छीमाराला कमाल २५,००० रुपये भरपाई देण्याची योजना वनविभाग व मत्स्यव्यवसाय विभागाने मिळून सुरू केली. अट एकच महत्त्वाची, ती म्हणजे पुरावा. प्राणी जाळ्यात असताना व त्याला सोडताना छायाचित्रे घ्यावी लागतात. नौकेची कागदपत्रेही लागतात. म्हणून तांडेलाने एका खलाशाच्या हाती मोबाईल आधीच देऊन ठेवावा. प्राणी निघून गेल्यावर पुरावा कोठून आणणार?

रक्कम मोठ्या जाळ्याच्या मानाने अपुरीच आहे, आणि वाया गेलेल्या दिवसाची मोजदाद तीत नाही. मच्छीमार सोसायट्यांनी हा मुद्दा शासनापुढे अवश्य मांडावा.

कासव जखमी असेल तर मात्र त्याला पुन्हा पाण्यात ढकलू नये. वनविभागाला कळवावे, अशा कासवांवर उपचार करणारे केंद्र आपल्या पालघर जिल्ह्यातच, डहाणू येथे आहे.