पेस्लिपवरचं सुपर आणि खात्यातलं सुपर

हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरा वाटतो त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना आकडे कानावरून निसटून जातात, आणि आजचा भाग सगळा आकड्यांचा आहे. म्हणून थोडं सावरून लिहिलंय.

साताऱ्याहून एका काकूंचा व्हॉइस मेसेज आला. त्यांचा मुलगा ब्रिस्बेनला शिकायला गेला, शिक्षण झाल्यावरचा व्हिसा मिळाला आणि आता तो एका गोदामात पूर्णवेळ काम करतो. काकूंनी स्वतः नोकरी केलेली, पीएफचं पासबुक वेळोवेळी तपासायची सवय. त्या म्हणतात, "ताई, पगाराच्या कागदावर दर पंधरवड्याला २७९ डॉलर ६८ सेंट पेन्शनसाठी भरल्याचं दिसतं. ते कुठे जातात, बरोबर जातात का, असं विचारलं की हा म्हणतो, आई, इथे सगळं आपोआप होतं."

आपोआप! काकू, हे वाक्य मी पण म्हणायचे. त्याची किंमत मला १,९६४ डॉलर ६० सेंट पडली. ती गोष्ट पुढे येतेच. आधी हे पैसे नेमके कसले ते बघू.

ऑस्ट्रेलियात निवृत्तीच्या पैशांना सुपरॲन्युएशन म्हणतात, बोलताना सगळे नुसतं सुपर म्हणतात. आपल्या पीएफसारखंच, पण एक मोठा फरक आहे. भारतात पीएफमध्ये तुमच्या पगारातून हिस्सा कापला जातो आणि तेवढाच मालक घालतो. तिथे कायद्याने जी किमान रक्कम ठरलीय ती सगळी मालकाची. आणि हे फक्त नागरिकांसाठी नाही. विद्यार्थी, तात्पुरत्या व्हिसावरची मुलं, आठवड्यातून दोन दिवस भांडी घासणारा, सगळ्यांना लागू. पूर्वी महिन्याला ४५० डॉलरच्या आत कमाई असेल तर मालकाला सूट होती, ती १ जुलै २०२२ पासून गेली. आता वयाची १८ पूर्ण असतील तर पहिल्या डॉलरपासून सुपर. १८ च्या आत असाल तर आठवड्याला ३० तासांच्या वर काम केलेलं लागतं.

दर किती? १ जुलै २०२५ पासून १२ टक्के. त्याआधीच्या वर्षी ११.५, त्याच्या आधी ११. दर वर्षी अर्ध्या टक्क्याने वाढत गेलाय, आणि इथेच गडबडी होतात.

आता माझी गोष्ट. २०१८ साली मी मेलबर्नला शिकत होते आणि संध्याकाळी एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करायचे. हॉटेलचं नाव घेत नाही. ताशी २२ डॉलर, आठवड्याला २० तास, म्हणजे ४४० डॉलर. तेव्हा दर ९.५ टक्के होता, म्हणून आठवड्याला ४१ डॉलर ८० सेंट सुपर. पेस्लिपवर अगदी तेवढाच आकडा, खाली फंडाचं नाव. सुरुवातीला फंडाकडून स्वागताचं पत्र आलं, ॲपमध्ये पहिल्या तिमाहीचे पैसे दिसले. मी खूश. त्यानंतर ॲप उघडलं ते नोकरी सोडल्यावर. ६० आठवडे काम केलं होतं, पैसे आले होते फक्त पहिल्या १३ आठवड्यांचे. उरलेले ४७ आठवडे रिकामे. आणि जे आले होते त्यातूनही १५ टक्के कर, फंडाची फी, शिवाय मी कधीच न मागितलेल्या विम्याचा हप्ता असं कापून चारशेच्या आत शिल्लक राहिली होती.

मी मालकाला फोन केला. तो गोड बोलला. "अकाउंटंटला सांगतो." दोन महिने गेले. मीही फार ताणलं नाही, कारण खरं सांगू का, व्हिसाची भीती. तक्रार केली आणि ह्यानेच उलटं काही कळवलं तर? तक्रार केली तोपर्यंत हॉटेल बंद पडलं होतं आणि कंपनी दिवाळखोरीत गेली होती. बुडालेल्या कंपनीतल्या कामगारांचा थकलेला पगार देणारी एक सरकारी योजना आहे, पण त्यात सुपर येत नाही. माझ्या हाती काहीच आलं नाही.

तरी माझी पेस्लिप शेवटपर्यंत बरोबर होती! हे मला पुढे पगाराचं काम शिकताना उमजलं. (आता मी एका छोट्या हिशेबनिसाच्या ऑफिसात लोकांचे पगारच काढते. खिडकीच्या त्या बाजूला उभी होते, आता ह्या बाजूला बसते.) नियम असा आहे की पेस्लिपवर मालकाने भरलेलं किंवा भरायला लागणारं सुपर दाखवायचं. ते "किंवा" नीट वाचा. पेस्लिप म्हणजे पावती नव्हे. मालक किती देणं लागतो एवढंच तिच्यावरून कळतं. पैसे पोचल्याचा पुरावा एकच, फंडाच्या खात्यातली नोंद.

मग ती नोंद बघायची कशी? दोन जागा आहेत. एक, फंडाचं स्वतःचं ॲप किंवा वेबसाइट. तिथे व्यवहारांच्या यादीत मालकाने भरलेली प्रत्येक रक्कम तारखेसकट दिसते. दुसरी जागा मायगव्ह. हे सरकारी खातं करकचेरीशी, म्हणजे एटीओशी जोडलं की सुपरच्या पानावर तुमच्या नावावरची सगळी खाती एकत्र दिसतात. ही दुसरी जागा मुद्दाम बघा, कारण कित्येकांच्या नावावर दोन-तीन खाती निघतात. नोकरी बदलली, नवीन मालकाने नवीन फंड उघडला, जुन्यातून फी कापली जातेय आणि ह्यांना पत्ताच नाही. फंडाकडून एटीओकडे माहिती जायला थोडे दिवस लागतात, तेव्हा दोन्हीकडे आजच्या आज जुळलं नाही तर लगेच घाबरू नका. खात्यात कराची १५ टक्क्यांची ओळ वेगळी दिसेल. ती मालकाने कमी भरल्याची खूण नव्हे, तो फंडातला कर आहे. मात्र तुमचा टीएफएन फंडाकडे नसेल तर कर याहून बराच जास्त कापला जातो, ते एकदा पाहून घ्या.

केव्हा दिसायला हवं? आतापर्यंत मालकाला तिमाहीची मुदत होती. जुलै ते सप्टेंबरचे पैसे २८ ऑक्टोबरपर्यंत, पुढच्या तिमाह्यांचे २८ जानेवारी, २८ एप्रिल आणि २८ जुलैपर्यंत. म्हणजे जुलैत केलेल्या कामाचं सुपर ऑक्टोबरअखेर आलं तरी मालक कायद्यात बसायचा, आणि तेवढ्या काळात माझ्यासारखी माणसं झोपी जायची. १ जुलै २०२६ पासून हे बदलतंय. पगाराच्या दिवसानंतर कामाच्या ७ दिवसांत पैसे फंडात पोचले पाहिजेत. नव्याने लागलेल्यांच्या पहिल्या भरण्याला जरा जास्त सवड आहे. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांतला कामगारांच्या बाजूचा हा सगळ्यात उपयोगी बदल. तीन महिने वाट बघून मग शंका घ्यायची, हा प्रकारच संपतो.

आता काकूंच्या मुलाचा हिशेब मांडू. तो पंधरवड्याला ७६ तास काम करतो, ताशी ३२ डॉलर. झाले २,४३२. त्याचे १२ टक्के म्हणजे २९१ डॉलर ८४ सेंट. आणि पेस्लिपवर काय होतं? २७९.६८. हा आकडा कुठून आला असेल? २,४३२ ला ११.५ टक्क्यांनी गुणून बघा. बरोबर तोच. म्हणजे दर वाढला आणि त्यांच्या पगाराच्या हिशेबात जुनाच राहिला.

मी काकूंना म्हटलं, आता मुलाला खातं बघायला सांगा. त्याने बघितलं. त्या तिमाहीतल्या सहा पगारांचे १,६७८ डॉलर ८ सेंट जमा होते. सहा गुणिले २७९.६८, पैन् पै जुळलं. तो म्हणाला, बघ आई, सगळं बरोबर आहे! पण यायला हवे होते १,७५१ डॉलर ४ सेंट. माझ्या वेळी पेस्लिप बरोबर होती आणि खातं रिकामं. ह्याच्याकडे दोन्ही जुळतात आणि दोन्ही चूक. म्हणून तिसरा आकडा स्वतः काढायचा, कागद-पेन्सिल घेऊन. पंधरवड्याला १२ डॉलर १६ सेंटचा फरक, वर्षाला ३१६ डॉलर १६ सेंट.

इथे एक बारकावा. दर लागतो तो पगार मिळाला त्या तारखेचा, काम केलं त्या तारखेचा नाही. जूनच्या शेवटच्या आठवड्याचं काम आणि पगार ३ जुलैला, तर १२ टक्केच. मी हे मुद्दाम सांगतेय, कारण आमच्याच ऑफिसात ह्यावरून दरवर्षी वाद व्हायचा.

गुणाकार कशावर करायचा, हा पुढचा प्रश्न. सगळ्या मिळकतीवर नाही. तुमच्या नेहमीच्या तासांचा पगार धरायचा. खऱ्या अर्थाने जादा तास असतील, ओव्हरटाइम, तर ते वगळायचे. त्यामुळे ज्या पंधरवड्यात मुलाने आठ तास ओव्हरटाइम केला तेव्हा पगार वाढला आणि सुपर तेवढंच राहिलं, त्यात चूक नाही. पण कॅज्युअल कामगारांना सुट्ट्यांच्या बदल्यात जो २५ टक्के जादा दर मिळतो तो धरायचा. पगारी रजेचे पैसे धरायचे. कामाबद्दल मिळणारा बोनस बहुतेक वेळा धरायचा. मूळ दरावर सुपर काढून वरचे २५ टक्के विसरणारे मालक मी डोळ्यांनी पाहिलेत. विसरतात की विसरल्यासारखं करतात ते देव जाणे.

नोकरीचं पत्र वाचतानाही जरा थांबा. ७०,००० डॉलर "अधिक सुपर" आणि ७०,००० "सुपर धरून" ह्यात दिवस-रात्रीचा फरक आहे. पहिल्यात पगार ७०,००० आणि वर ८,४०० सुपर. दुसऱ्यात पगार ६२,५०० आणि सुपर ७,५००. दोन्ही कायदेशीर, पण मुलं घरी फोनवर सांगताना दोन्हीला सत्तर हजारच म्हणतात.

आणि एबीएन. "पगारावर नको, एबीएन काढ, बिल दे" असं सांगितलं जातं. डिलिव्हरी, सफाई, बांधकाम, सगळीकडे चालतं. मुलाला वाटतं आता आपण धंदेवाले, सुपरचा विषय संपला. तसं नाही. करार मुख्यतः तुमच्या स्वतःच्या श्रमासाठी असेल तर एबीएन असूनही काम देणाऱ्याला सुपर भरावं लागतं. रोख हातावर टेकवणाऱ्यांनाही हा कायदा सुटत नाही, फक्त तिथे सिद्ध करणं अवघड. म्हणून तासांची वही ठेवा, वेळापत्रकाचे फोटो ठेवा.

फरक सापडला तर काय करायचं? आधी मालकाला ईमेल, फोन नको. माझी चूक ती. ईमेलमध्ये चढा सूर नको; तास, दर, टक्के, आलेली रक्कम, यायला हवी होती ती रक्कम, एवढंच. बऱ्याचदा खरोखर चूकच असते आणि आठवडाभरात दुरुस्त होते. उत्तर आलं नाही, किंवा "बघतो, सांगतो" सुरू झालं, तर एटीओच्या वेबसाइटवर न भरलेल्या सुपरची तक्रार करायची सोय आहे. ते मालकाकडून थकबाकी, त्यावरचं व्याज आणि वरचा आकार वसूल करू शकतात, आणि कंपनीच्या संचालकांना व्यक्तिशः जबाबदार धरू शकतात. पण कंपनी जिवंत असेपर्यंत त्याला जो अर्थ आहे तो नंतर राहत नाही.

परत येणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. तात्पुरता व्हिसा संपला आणि देश सोडला की हे पैसे काढता येतात, पण बहुतेकांच्या रकमेतून ३५ टक्के कर जातो, आणि वर्किंग हॉलिडे व्हिसावर असाल तर ६५. सहा महिन्यांत मागितले नाहीत तर फंड ते एटीओकडे पाठवतो, मग तिथून मागायचे. बुडत नाहीत.

काकूंच्या मुलाने तो ईमेल पाठवला. मी मजकूर सुचवला होता, त्याने त्यात तीन वेळा सॉरी घातलं, ते काकूंनी काढायला लावलं. चार दिवसांनी उत्तर आलं की दर बदलायचा राहून गेला होता. एकट्या त्याचाच नव्हे, गोदामातल्या सगळ्यांचा. परवा काकूंचा मेसेज आला, फरकाचे पैसे खात्यात दिसतायत. खाली एक प्रश्न पण होता: "ताई, हा म्हणतो मायगव्हवर त्याचं अजून एक खातं निघालंय. कॉलेजात असताना कुठल्या कॅफेत काम केलं होतं म्हणे. त्याचं काय करायचं?"

पुढच्या भागात, काकू.