संशोधन मराठीत सांगताना : वेब सेवांचे एक उदाहरण

संगणकशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या आपल्या मुलांचा प्रबंध इंग्रजीत लिहिला जातो, तोंडी परीक्षाही इंग्रजीतच होते. घरी कोणी विषय विचारला, तर ‘तुम्हाला नाही कळायचं’ एवढेच उत्तर मिळते. बेळगावात हा विषय शिकवताना मी हे पुष्कळदा पाहिले आहे. माझ्या मते हा केवळ भाषेचा प्रश्न नाही. आपला विषय मातृभाषेत मांडून पाहिला, की तो आपल्याला कितपत समजला आहे हेही कळते. वेब सेवांच्या आधारे हे स्पष्ट करतो.

वेबसाइट माणसाने पाहण्यासाठी असते. वेब सेवा दुसऱ्या प्रोग्रामने वापरण्यासाठी असते. मोबाइलवर प्रवासाचे तिकीट काढताना तिकिटाचा प्रोग्राम बँकेच्या प्रोग्रामकडे पैसे मागतो आणि तिसऱ्या प्रोग्रामला एसएमएस पाठवायला सांगतो. हे तिन्ही वेगवेगळ्या संस्थांचे असतात. त्यांनी एकमेकांशी कोणत्या नियमांनी बोलावे? पैसे कापले गेले आणि तिकीट निघालेच नाही, तर व्यवहार मागे कसा फिरवावा? अशा प्रश्नांचा अभ्यास म्हणजे सेवा-संगणन.

या क्षेत्रावर खोल ठसा उमटवणारा एक प्रबंध रॉय फील्डिंग यांनी २००० साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत सादर केला. ‘रेस्ट’ ही आज सर्वत्र वापरली जाणारी रचनाशैली त्यातून पुढे आली. त्याची मांडणी पाहण्यासारखी आहे. फील्डिंग कोणतेही बंधन नसलेल्या रचनेपासून सुरुवात करतात, मग एकेक बंधन घालत जातात आणि प्रत्येक बंधनाने काय मिळाले व काय गमावले हे सांगतात.

त्यांपैकी एक बंधन ‘स्टेटलेस’ असण्याचे. बँकेच्या खिडकीवर पैसे काढण्याची स्लिप देताना आपण खाते क्रमांक, रक्कम, सही सारे त्या एका कागदावर देतो. त्यामुळे खिडकीमागचा कारकून बदलला तरी काम अडत नाही. त्याचप्रमाणे येथे प्रत्येक मागणी स्वयंपूर्ण असते. लाभ असा, की एक सर्व्हर बंद पडला तर दुसरा ते काम करू शकतो. तोटा असा, की तीच माहिती पुन्हापुन्हा पाठवावी लागते.

आता हा शब्द मराठीत आणू. ‘राज्यविहीन’ म्हटले तर हसे होईल, आम्हा सीमाभागातल्या लोकांत तर अधिकच! ‘अवस्थारहित’ शब्द बरोबर आहे, पण ऐकणाऱ्याला लगेच अर्थबोध होत नाही. ‘मागचे लक्षात न ठेवणारा’ म्हटले, की विद्यार्थी विचारतो, ‘मग खात्यातली शिल्लकही विसरायची का?’ हा प्रश्न मोलाचा आहे. शिल्लक विसरायची नसतेच. मघाशी आपले बोलणे कुठवर आले होते, एवढेच सर्व्हरने ध्यानात ठेवायचे नसते. इंग्रजी शब्द जसाच्या तसा पाठ केला, की हा भेद निसटतो. ‘क्लायंट’चेही तसेच. वकिलाचा तो अशील, दुकानदाराचे गिऱ्हाईक. येथे तो नुसता ‘मागणी करणारा’ प्रोग्राम. प्रतिशब्द शोधताना संकल्पनेच्या कडा तपासाव्याच लागतात.

फील्डिंग यांच्याकडून आणखी एक गोष्ट घ्यावी. एचटीटीपी या वेबच्या नियमावलीच्या रचनेत त्यांचा स्वतःचा मोठा सहभाग होता. तरीही प्रत्यक्षातले वेब आपल्या शैलीशी कुठे जुळत नाही, हे त्यांनी प्रबंधातच नोंदवले. कुकीज हे त्यातले एक उदाहरण. विसंगती स्वतःहून दाखवल्याने संशोधनाची विश्वासार्हता वाढते.

म्हणून संशोधक विद्यार्थ्यांना माझी सूचना आहे : तोंडी परीक्षेपूर्वी आपला प्रबंध मराठीत चार वाक्यांत सांगा. प्रश्न कोणाला पडतो, आपण कोणते बंधन किंवा उपाय सुचवतो, त्याने काय साधते आणि त्याची किंमत काय. इंग्रजी संज्ञा अडली तर खुशाल तशीच ठेवा, पण तिचा अर्थ मराठीत सांगा. शिक्षकांनी अशा सादरीकरणासाठी दहा मिनिटे राखून ठेवावीत, आणि श्रोत्यांत विषयाबाहेरची दोन माणसे तरी बसवावीत. चौथ्या वाक्यापाशी विद्यार्थी अडखळला, तर प्रबंधात अजून काय उरले आहे ते त्याला तिथेच कळेल.