बाळाचा पहिला श्वास

'बाळ रडलं का?' प्रसूतिगृहाबाहेर थांबलेल्या आजीबाईंचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो अगदी योग्य आहे. पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांत द्रव भरलेला असतो. पहिल्या काही श्वासांबरोबर तो सरतो व तेथे हवा शिरते. बहुतेक बाळांना हे आपोआप जमते. काहींना कोरड्या कापडाने पुसून, पाठ चोळावी लागते. मात्र शंभरातील सुमारे पाच बाळांच्या फुप्फुसांत हवा आपल्याला ढकलावी लागते.

त्याचे साधन म्हणजे अंबू बॅग. हाताने दाबायची फुगीर पिशवी आणि नाकातोंडावर घट्ट बसणारा इवलासा मास्क! ती मिनिटाला ४० ते ६० वेळा दाबतात. सोडताच पिशवी स्वतःच हवेने भरते, त्यामुळे वीज गेली तरी अडत नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवातीस साधी हवा पुरते. सिलिंडरची वाट पाहू नये. हे पहिल्या मिनिटातच सुरू व्हावे, कारण प्राणवायूअभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बाळाला उलटे धरून चापट्या मारणे मात्र घातक.

'डॉक्टर, तिथे मोठं मशीन आहे का?' असे मला नातेवाईक विचारतात. मी सांगतो, सातव्या महिन्यातच दोन गोष्टी विचारून ठेवा. बाळाच्या मापाची बॅग व मास्क प्रसूतीच्या खोलीतच तयार असतात का? आणि ती वापरायला शिकलेली व्यक्ती त्या वेळी हजर असेल का? दोन्हींचे उत्तर 'हो' असेल, तेथेच नाव नोंदवा.