अत्तराचा फाया आणि उशाचे यंत्र

दिवाळी आली की आमच्या घरात सर्वांत आधी जागे होते ते नाक. चकलीच्या भाजणीचा खमंग वास, उटण्यातला नागरमोथा, देवघरातला धूप आणि या साऱ्यांवर वरचढ ठरणारा दादांच्या कानातला हिन्याचा फाया! दादा म्हणजे आमचे तीर्थरूप. वय वर्षे ७२. गेली चाळीसएक वर्षे कानात फाया ठेवल्यावाचून हा गृहस्थ घराबाहेर पडलेला नाही. अशा माणसाच्या नाकावर गेल्या वर्षी ऐन नवरात्रात सिलिकॉनचा मास्क चढला. त्यानंतर जे रामायण घडले, त्यातून दुसऱ्या कुणी शहाणे व्हावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

दादांचे घोरणे हा आमच्याकडे वर्षानुवर्षे थट्टेचा विषय होता. थट्टेत सामील होत नसे ती फक्त आई. तिला घोरण्याचे भय नव्हते; ते मध्येच थांबे त्याचे होते. एकदा ती आमच्या सौ.ला म्हणाली, "आवाज बंद झाला की मी मनात आकडे मोजते. कधी वीस होतात, कधी तीस. मग हे दचकून श्वास घेतात, तेव्हा कुठे माझाही सुटतो." हे ऐकल्यावर मात्र आम्ही थट्टा आवरली आणि डॉक्टर गाठले.

रात्रभर तारा लावून तपासणी झाली. दादांचा श्वास तासाला सरासरी ३४ वेळा अडत होता. पाचापर्यंत चिंता नाही, तिसाच्या वर गेले की आजार गंभीर, असा हिशेब. या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट मिटते. दहा सेकंद, वीस सेकंद हवाच जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो. मग मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागे करतो. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. रक्तदाब आणि हृदय मात्र सारे भोगत असतात.

यावरचा उपाय म्हणजे सीपॅप नावाचे यंत्र. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी १९८० साली ते प्रथम रुग्णाला लावून पाहिले आणि पुढच्याच वर्षी वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडले. त्या पहिल्या यंत्राला हवा पुरवायला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती! तत्त्व अगदी साधे. मास्कमधून हवेची एक सततची फुंकर घशात जाते आणि मिटू पाहणारी वाट उघडी धरते. हवा कोरडी लागू नये म्हणून यंत्रात पाण्याची एक छोटी डबी असते. ती तापते आणि हवेला ओलावा देते. सारी गडबड झाली ती या डबीपाशी.

"याला सायकलच्या ट्यूबचा वास येतो," दादांनी पहिल्याच रात्री निकाल दिला. तिसऱ्या रात्री, "मी हे लावून झोपणार नाही," इथवर पाळी आली. मी पडलो मराठीचा मास्तर. वासाला मराठीत दरवळ, घमघमाट, परिमळ असे किती शब्द आहेत ते सांगू शकतो. पण विज्ञानाशी ओळख शाळेपुरतीच. मनात म्हटले, सर्दीला आपण निलगिरीच्या तेलाची वाफ घेतोच की! कुणाला न विचारता डबीत चार थेंब टाकले.

रात्री दोनच्या सुमारास दादा खोकत उठले. डोळ्यांतून पाणी, घशात आग, छातीत घरघर. पहाटेपर्यंत खिडकीशी बसून होते. सकाळी डॉक्टरांनी छाती तपासली; सुदैवाने काही बिघडले नव्हते. पण दादांनी यंत्र कपाटावर ठेवून दिले ते पुढचे आठ दिवस. आणि पलीकडच्या कॉटवर आई पुन्हा आकडे मोजू लागली. वाचकहो, त्या आठ रात्री मला स्वतःलाही झोप लागली नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी समजावून सांगितले. तेल पाण्यात विरघळत नाही, ते वर तरंगते. डबी तापली की त्याची तीव्र वाफ नळीतून दाबाने थेट श्वासनलिकेत जाते. खोलीतला वास हवेत पांगतो, उग्र वाटला तर आपण तोंड फिरवतो. मास्कमध्ये तोंड फिरवायला जागाच नाही. त्यातून दमा असेल तर श्वासनलिका आखडण्याची भीती. तेलाचे सूक्ष्म कण वारंवार फुप्फुसात गेले तर एक प्रकारचा न्यूमोनियाही होऊ शकतो. क्वचित होतो, पण होतो. शिवाय तेलाने प्लॅस्टिक आणि सिलिकॉन खराब होते, आणि एकदा मुरलेला वास काही केल्या जात नाही.

"पण त्रास झाला तर नाक जागे करीलच ना?" मी विचारले. इथे मला सर्वांत मोठा धक्का बसला. २००४ साली अमेरिकेत झोपलेल्या माणसांना पेपरमिंटचा आणि एका दुर्गंधी रसायनाचा वास देऊन पाहिले. गाढ झोपेत त्यांना जवळजवळ पत्ताच लागला नाही! कान रात्रभर पहारा करतात. नाक मात्र आपल्याबरोबर झोपते. म्हणजे रात्रभर सुगंध घेण्याचा आनंद नाही आणि तोट्याची सूचनाही नाही. दादांना जाग आली ती वासाने नव्हे, घशाच्या आगीने. आणि पुदिन्याच्या अर्काने नाक मोकळे होते म्हणतात, तेही खरे नव्हे. त्याने नुसता गारवा जाणवतो. नाकातली वाट आहे तेवढीच राहते.

मग वासाचे करायचे काय? डॉक्टरांचे उत्तर आमच्या आजीला शोभेल असे होते: "वास झाकू नका, धुऊन काढा." नवा मास्क सौम्य, बिनवासाच्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवला की वास उतरतो. मास्कची गादी रोज पुसावी किंवा धुवावी, नळी आठवड्यातून एकदा धुवावी. डबीत फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही रोज नवे. गुलाबपाणी, कापूर, बाम यांतले काही नाही. यंत्र हवा खोलीतूनच घेते. त्याचा फिल्टर धूळ अडवतो, सुगंध आणि धुराचे वायू अडवीत नाही. म्हणून उदबत्ती, धूप संध्याकाळीच आटोपून खोली मोकळी करून घ्यावी. फटाक्यांचा धूर असेल तेव्हा खिडक्या लावाव्यात आणि दिवाळी झाल्यावर फिल्टर पाहावा. नाक सारखे चोंदत असेल तर तेल शोधू नये, डॉक्टरांना विचारावे. अभ्यंगाच्या तेलाचेही एक पथ्य आहे: निजण्यापूर्वी चेहरा धुवावा. तेलकट गालावर मास्क घसरतो, हवा गळते आणि सिलिकॉनही लवकर खराब होते.

हे सारे मी दादांना वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि एकच प्रश्न केला, "म्हणजे माझा फाया गेला?"

तेव्हा कळले, भांडण ट्यूबच्या वासाशी नव्हतेच. म्हातारपणी आपल्या अंगाला इस्पितळाचा वास लागणार, हे त्यांना सोसत नव्हते. मी म्हटले, "दादा, फाया दिवसभर तुमचा. रात्र तेवढी यंत्राची."

तेव्हापासूनचा त्यांचा क्रम ठरला आहे. रात्री जेवणे झाली की दादा फाया कानातून काढतात, डोळे मिटून एकदा खोल वास घेतात आणि बाहेरच्या खोलीत अत्तरदाणीत ठेवून तिचे झाकण लावतात. मग तोंड धुऊन मास्क चढवतात आणि दिवा मालवतात. त्यांच्या खोलीतून आता फक्त हवेची बारीक सुरसुर ऐकू येते.

गेल्या नरकचतुर्दशीची गोष्ट. आमच्याकडे चारला सर्वांना उठवण्याचा मान आईचा. त्या दिवशी पाच वाजले तरी हाक नाही. मी धसकून त्यांच्या खोलीशी गेलो. दादा मास्क काढून, उटण्याची वाटी हातात घेऊन दारातच उभे होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवले.

"आवाज करू नकोस," ते कुजबुजले. "ती झोपली आहे."

त्या वर्षी आमच्या घरी पहिली आंघोळ उजाडल्यावर झाली.